माघातली आळी आणि विहिरीतली दोरी

वसंत पंचमी उलटली की आमच्या घरात खुंटीवरची दोरी खाली उतरते. काथ्याची, बोटाएवढी जाड आणि हात-हाताच्या अंतरावर गाठी मारलेली ही दोरी माझ्या सासऱ्यांनी स्वतः वळलेली आहे. तिच्या टोकाला जुन्या तराजूतले अर्ध्या किलोचे लोखंडी वजन बांधलेले आहे आणि विहिरीचे पाणी मोजण्यापलीकडे तिला दुसरे काही काम नाही. पहाटे, पंप सुरू करण्यापूर्वी, ती विहिरीत सोडायची, वजन तळाला टेकून दोरी सैल पडली की वर ओढायची आणि भिजलेल्या गाठी मोजायच्या. यंदा साडेसहा गाठी भिजल्या. गेल्या वर्षी याच सुमारास सात भिजल्या होत्या, त्यामुळे परसातल्या उन्हाळी भाजीचा बेत थोडा आवरता घ्यावा लागणार हे त्या सकाळीच ठरले. कलिंगडाचे आळे यंदा नको, असे मी चहाच्या वेळी म्हणाले, त्यावर यजमान काही बोलले नाहीत. मात्र बियांचे पाकीट त्यांनी आधीच आणून ठेवले होते.

देशावरच्या आणि त्याहून उत्तरेकडच्या लोकांना वसंतातली बागेतली कामे म्हणजे थंडी कधी सरते याची वाट पाहणे वाटते. आमच्या किनाऱ्यावर तशी वाट पाहावी लागत नाही. माघात आंबा मोहरलेला असतो, काजूला बोंडे धरू लागतात, पहाटे अंगावर पांघरूण लागते आणि दुपारी अंगणात अनवाणी उभे राहवत नाही. बी रुजण्यापुरती ऊब मातीत केव्हाचीच असते. नसते ते पाणी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस अंगावर घेणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात मे महिन्यात टँकर फिरतात याचे बाहेरच्यांना नवल वाटते, पण खाली सच्छिद्र जांभा आणि जमिनीचा उतार समुद्राकडे, असे असल्यावर ते पाणी थांबणार तरी कुठे? म्हणून माघात जे पेरायचे ते विहीर आटायच्या आत फळून मोकळे झाले पाहिजे, एवढ्या एका गोष्टीवर आमच्याकडची सगळी कामे ठरतात.

हा हिशेब मी लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी शिकले, आणि तोही नुकसान सोसून. त्याआधी विहिरीत पाणी दिसते आहे तोवर आळी खणत जायचे, एवढेच मला ठाऊक होते. एका वर्षी मी उत्साहाच्या भरात पन्नासाच्या वर आळी केली, सगळी उगवली, सगळ्यांवर वेल चढले, आणि चैत्र लागता लागता पंप दहा मिनिटांत हवा ओढू लागला. पडवळे बोटभर लांबीची असताना वेल दुपारचे माना टाकू लागले. अर्धी आळी सोडून द्यावीत असे सासूबाईंनी सांगितले होते, पण फुलावर आलेला वेल तोडायला माझा हात धजला नाही. म्हणून मी सगळ्यांना थोडे थोडे पाणी देत राहिले आणि शेवटी कोणालाच पुरले नाही. त्या उन्हाळ्यात आम्ही भाजी बाजारातून आणली.

आता आकडेमोड अशी करते. आमची विहीर गोल असून तिचा व्यास सुमारे ३ मीटर आहे, त्यामुळे एक हात, म्हणजे ४५ सेंटिमीटर, पाणी म्हणजे जवळजवळ ३,२०० लिटर. परंतु विहिरीत एकूण पाणी किती आहे यापेक्षा उपसलेले पाणी रात्रीत किती भरून येते हे अधिक महत्त्वाचे असते. म्हणून संध्याकाळी उपसा झाल्यावर एकदा आणि दुसऱ्या पहाटे एकदा अशी दोनदा दोरी सोडायची. माघात एक हात उपसले तर सकाळपर्यंत एक हात भरून येते. चैत्राच्या मध्यावर झरे मंदावतात आणि तेवढ्याच वेळात जेमतेम अर्धा हात येते. बेत करायचा तो या अर्ध्या हातावर, कारण वेलांना फळे लागण्याचे दिवस तेच असतात. अर्धा हात म्हणजे १,६०० लिटर. त्यातले ६०० लिटर घराला आणि गोठ्याला लागतात, पंधरा माडांना रोजचे ४० लिटर धरले तर आणखी ६०० गेले, उरले ४००. भर उन्हाळ्यात एक चौरस मीटर वाफ्याला दिवसाला साधारण पाच लिटर पाणी लागते असे मी धरते, म्हणजे तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद वाफ्याला पंधरा लिटर; वेलाच्या एका आळ्याला दहा. तेव्हा दहा वाफे आणि चोवीस आळी, यापुढे कुदळ उचलायची नाही. यंदा अर्धी गाठ कमी भिजली म्हणून मी वीसच आळी धरली आहेत.

जागा मोकळी करणे हे त्यातले पहिले आणि कंटाळवाणे काम. मुळा आणि लाल माठ फुलावर आलेले असतात, कोथिंबीर जून झालेली असते, वालाच्या शेंगा कडक होऊ लागतात. सगळे एकदम उपटू नये. प्रत्येकातली सर्वांत चांगली दोन-तीन रोपे बियांसाठी राखून त्यांना काठीचा आधार द्यावा आणि बाकीचे गुरांना घालावे. वालाची झाडे मात्र मी उपटत नाही, जमिनीलगत कापते, कारण त्याच्या मुळांवरच्या गाठींमध्ये साठलेला नत्र मातीतच राहिलेला बरा. वांग्याची झाडे धडधाकट असली तर गुडघ्याएवढी ठेवून छाटते. त्यांना नवे फुटवे येतात आणि पाऊस लागेपर्यंत घरापुरती वांगी मिळत राहतात. मिरचीच्या झाडांवर बोकड्या, म्हणजे पाने आकसवणारा रोग, दिसला तर तेथे माया दाखवू नये.

आळे करणे हे मात्र मनापासून करण्याचे काम आहे. आमच्याकडची तांबडी माती दिसायला देखणी असली तरी पोटात रिकामी असते, कारण मुसळधार पावसात तिच्यातला चुन्याचा अंश वाहून जातो, ती आंबट होते आणि तिच्यातले लोह स्फुरदाला असे धरून ठेवते की तो झाडाच्या वाट्याला येत नाही. त्यावर उपाय दोनच आहेत, एक कुजलेले शेणखत आणि दुसरा चुलीतली राख. हातभर खोल आणि दीड हात रुंद खड्डा खणला की तळाशी मी नारळाची सोडणे खोलगट बाजू वर करून मांडते. ती आदल्या दिवशी दोणीत भिजत घातलेली असतात, कारण कोरडी सोडणे घातली तर झाडाच्या आधी तीच पाणी पितात. एकदा भिजलेली सोडणे पुढे तीन-चार दिवस ओल धरून ठेवतात, आणि आमच्यासारख्या भसाभसा पाणी पिणाऱ्या जमिनीत त्याचे मोल मोठे आहे. त्यावर दोन घमेली जुने शेणखत, मूठभर करंजाची पेंड आणि वरची माती, असे थर द्यायचे. राख याच वेळी शेणात कालवू नये. ओल्या शेणाशी राखेची गाठ पडली की नत्र वायू होऊन उडून जातो. राख मी आठ दिवस आधीच मोकळ्या मातीत मिसळून ठेवते.

आळ्याची कड उंच आणि मधला भाग सपाट असावा असे सगळे सांगतात, परंतु सासूबाई मध्यभागी ओंजळभर मातीचा उंचवटा करून त्यावर बी लावायला सांगत. पाणी भोवतीच्या चरात राहते, मुळे ते शोधत बाहेर पसरतात आणि खोडाशी पाणी साचून मूळकूज होत नाही. त्यांचे हे म्हणणे मी अनेक वर्षे फारसे मनावर घेतले नव्हते. एका वर्षी निम्मी आळी त्यांच्या पद्धतीने आणि निम्मी माझ्या पद्धतीने केली, आणि त्यानंतर हा विषय पुन्हा निघाला नाही.

बियांपैकी पडवळ, शिराळी आणि दुधी घरच्याच असतात. वेलावर पूर्ण वाळलेले शिराळे चुलीच्या वर टांगलेले असते, ते हलवले की आत बिया खुळखुळतात. धुराचा वास बसलेल्या त्या बियांना कीड लागत नाही. चवळीचे बी राखेत घोळून डब्यात. भेंडी आणि कारली यांचे बी मी विकत आणते, कारण माझ्या भेंडीत शेजारच्या भेंडीचे पराग येऊन पुढच्या पिढीत काय निघेल याचा भरवसा नसतो. तीन वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावातल्या एका दुकानातून आणलेल्या भेंडीच्या पाकिटातले निम्मे बी उगवलेच नाही. नंतर पाकीट निरखून पाहिले, तर किमतीच्या चिकटपट्टीखाली तारीख झाकलेली होती आणि ती उलटून गेलेली होती. तेव्हापासून मी पाकीट दुकानातच उलटसुलट करून पाहते, दुकानदाराला आवडो वा न आवडो. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली सुरू झाले, आणि या पट्ट्यातल्या दमट हवेचा विचार करून त्यांनी काढलेल्या वेलभाज्यांच्या जातींपैकी ‘कोकण तारा’ कारले आणि ‘कोकण हरिता’ शिराळे आमच्या मांडवावर चांगले आले आहेत. ‘कोकण तारा’ दोन्ही टोकांना निमुळते असते आणि भाजीत फार कडू लागत नाही, निदान आमच्या घरी तरी त्याबद्दल कोणी तक्रार केलेली नाही.

कारल्याचे बी रुजवायला धीर लागतो. त्याचे कवच जाड असल्यामुळे ते तसेच जमिनीत लावले तर पंधरा दिवस काही दिसत नाही आणि तेवढ्यात मुंग्या किंवा उंदीर आपले काम उरकतात. मी बियांचे टोक नखकातरीने किंचित तासते, रात्रभर कोमट पाण्यात ठेवते आणि सकाळी जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात बांधून ती ओली पुरचुंडी चुलीजवळच्या कोनाड्यात, राखेने भरलेल्या परातीवर ठेवते. दिवसातून दोनदा पुरचुंडी ओली करायची, पिळायची, परत ठेवायची. यंदा पाचव्या दिवशी सकाळी उघडली तेव्हा सोळापैकी अकरा बियांतून तांदळाच्या कणीएवढे पांढरे मूळ बाहेर आले होते. ते मूळ लांब होण्याची वाट पाहू नये. अर्ध्या बोटाएवढे वाढले की ते कापडाच्या धाग्यांत शिरते आणि सोडवताना मोडते. म्हणून त्याच संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, एका आळ्यात दोन याप्रमाणे, मूळ खाली करून ती लावली. उरलेल्या पाच बिया अजून पुरचुंडीत आहेत. त्यांतल्या दोन उगवतील असा माझा अंदाज आहे.

वाफ्यांमध्ये भेंडी, चवळी, गवार आणि लाल माठ एवढेच पेरते. माठ महिन्याभरात कापणीला येतो, त्यामुळे त्याचे पाणी विहिरीला जड जात नाही, आणि चैत्रात तो वाफा बंद केला तरी काही बिघडत नाही. गवार सर्वांत सोशिक, एखादा दिवस पाणी चुकले तर ती कुरकुरत नाही. भेंडी मात्र माघ संपायच्या आत मातीत गेली पाहिजे. उशिरा पेरलेल्या भेंडीवर उन्हाबरोबर पांढरी माशी वाढते, तिच्यामुळे हळद्या पसरतो आणि पानांच्या शिरा पिवळ्या पडलेले झाड उपटून टाकण्यावाचून इलाज राहत नाही. ‘परभणी क्रांती’ ही जात या रोगाला दाद देत नाही म्हणून प्रसिद्ध झाली. आमच्या वाफ्यात ती आता पूर्वीइतकी तग धरत नाही, तरी चव आणि कोवळेपणा यांसाठी मी तीच पेरते.

मांडव बी रुजण्यापूर्वी उभा करावा, कारण वेलाला आधार लागण्याची वेळ ही आपल्या सवडीची वाट पाहत नाही आणि नंतर खड्डे खणताना मुळे तुटतात. पोफळीचे खांब, वर चिव्यांची, म्हणजे बारीक बांबूंची, जाळी, बांधायला सुंभ, असा आमचा मांडव असतो. वानरांपासून राखण म्हणून वरून मासेमारीची जुनी जाळी टाकण्याची पद्धत किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांत आहे, आणि बंदरावर ती मागितली की मिळते. मात्र जाळे जमिनीपर्यंत लोंबू देऊ नये. आमच्या मांडवाच्या कोपऱ्यात एकदा धामण अडकली होती. ती जितकी सुटायला धडपडत होती तितके धागे तिच्या अंगात रुतत होते, आणि यजमानांनी कात्रीने एकेक धागा कापून तिला मोकळी करेपर्यंत तासभर गेला. उंदरांचा एवढा मोठा शत्रू आपल्याच हाताने मारून घेण्यात काय शहाणपण? आता जाळ्याची कड मी कमरेएवढ्या उंचीवर गुंडाळून बांधते. वानर खालून शिरतात हे खरे, पण त्यांना वरूनही कोणी अडवू शकलेले नाही.

वेलाची पहिली दोन जाड पाने उघडली की तांबडे भुंगेरे येतात. दोन दिवसांत ते पानांची चाळण करतात आणि रोप तिथेच खुंटते. सकाळी पानांवर दव असताना बारीक चाळलेली राख फडक्यातून झटकली तर ती पानाला चिकटते आणि भुंगेरे बसत नाहीत. दव वाळल्यावर टाकलेली राख वाऱ्याने शेजारच्या वाफ्यात जाते. तिसरे-चौथे खरे पान आले की ही राखण संपते. त्यानंतर काळजी भुरीची असते, कारण रात्री दव आणि दिवसा कोरडे ऊन ही फाल्गुनातली हवा तिला फार मानवते. पानांवर पिठासारखे ठिपके दिसताच ती पाने काढून टाकते आणि मांडवात वारा खेळेल एवढी वेलांची दाटी कमी करते.

या दिवसांत गावात सगळीकडे पालापाचोळा गोळा करून जाळण्याचे काम चालते. भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपवाटिकेसाठी, जमिनीवर पालापाचोळा जाळून राब भाजणे ही जुनी रीत आहे आणि तिच्याबद्दल मी येथे काही म्हणत नाही, पण परसातला पाला नुसताच पेटवून देणाऱ्यांना पाहिले की मला हळहळ वाटते. फणसाचा आणि आंब्याचा वाळका पाला चार बोटे जाड थराने आळ्यात पसरला तर मी रोज देत होते ते पाणी एक दिवसाआड पुरते. चोवीस आळ्यांची वीस केली तरी भाजी कमी होणार नाही असे मला वाटते ते याच भरवशावर. अडचण दोन गोष्टींची आहे. एक वाळवी, जी जांभ्याच्या जमिनीत पाल्याखाली हमखास येते, म्हणून खोडाभोवतीची वीतभर जागा उघडी ठेवावी. दुसरे फुरसे हा विषारी साप. ते पाचोळ्याच्याच रंगाचे असते आणि दगडाखाली, पाल्याखाली गुपचूप पडून राहते, त्यामुळे पाल्याच्या ढिगात हात घालायचा नाही, आधी लांब काठीने ढीग उलटापालटा करायचा आणि मग टोपली भरायची, हा आमच्या घरातला नियम पाहुण्यांनाही लागू आहे.

पाणी घालण्याची वेळ वाऱ्यावर ठरते. बहुतेक दिवशी सकाळचा जमिनीकडून येणारा मतलई वारा दहा-अकरापर्यंत पडतो आणि समुद्रावरून खारा वारा सुटून हवा सुसह्य होते. परंतु फाल्गुनात काही दिवस असे येतात की पूर्वेचा कोरडा वारा दुपारपर्यंत हटत नाही, खारा वारा उशिरा येतो आणि किनाऱ्यावर असूनही पारा देशावरच्यासारखा चढतो. अशा दिवसाची चाहूल सकाळीच लागते, कारण आठ वाजताच पानांवरचे दव नाहीसे झालेले असते. त्या दिवशी मी शिंपणे सकाळीच उरकते आणि कोवळ्या रोपांवर झावळ्यांचे झाप आडवे ठेवते. एरवी संध्याकाळ बरी.

संध्याकाळी शिंपण्याचे आणखी एक कारण आहे. शिराळ्याची पिवळी फुले दिवस मावळताना उमलतात, दुधीची पांढरी फुलेही तेव्हाच, आणि ज्या मधमाश्या सकाळी काकडीच्या आणि कारल्याच्या फुलांवर राबतात त्या एव्हाना परतलेल्या असतात. पतंग येतात, पण सगळ्याच संध्याकाळी पुरेसे येत नाहीत. ऐन उन्हाळ्यात वेलांना नरफुले उदंड आणि मादीफुले थोडी, त्यामुळे एकेका मादीफुलाची किंमत वाढते. ज्याच्या मागे बोटभर इवलेसे शिराळे असते ते मादीफूल. नुसत्या देठावर उमलते ते नर. नरफूल खुडून, पाकळ्या मागे दुमडून, त्याचे पराग मादीफुलाच्या मधल्या गाभ्यावर हलकेच फिरवायचे, एका नरफुलात दोन-तीन मादीफुले होतात. तीन दिवसांनी मागचे शिराळे हिरवेगार राहून वाढू लागले तर जमले. पिवळे पडून गळले तर नाही. हे काम अजून महिनाभर दूर आहे, आत्ता आळ्यांत फक्त चार-चार पाने आहेत.

काल विसावे आळे भरून झाले. मांडवाच्या दक्षिणेच्या बाजूला एक हात रुंदीची जागा उरली आहे, आणि आज दुपारी तेथे कोणीतरी कुदळीने खूण करून ठेवलेली मला दिसली. पौर्णिमेला मी पुन्हा दोरी सोडणार आहे, संध्याकाळी आणि पहाटे अशी दोन्ही वेळा. तोपर्यंत कलिंगडाच्या बियांचे पाकीट फडताळात, चहाच्या डब्यामागे आहे. ते तेथे असल्याचे मला ठाऊक आहे, हे यजमानांना अजून ठाऊक नाही.